अमोलिककाकांचा पक्का डाउट

अमोलिककाका कुणाच्याही घरी आले की आधी बाथरूममध्ये शिरतात. हातपाय धुवायला नव्हे, शाम्पूची बाटली बघायला. चष्मा कपाळावर चढवून, बाटली नाकाशी धरून मागचं बारीक अक्षर वाचत बाहेर येतात. "मेधा, यातली अर्धी नावं मला उच्चारता येत नाहीत. जे उच्चारता येत नाही ते डोक्याला कशाला चोळायचं?"

त्यांच्या स्वतःच्या डोक्यावर औषधालाही केस नाही.

दिल्लीतल्या द्वारकेच्या आमच्या सोसायटीत आम्ही दोनच मराठी घरं, त्यामुळे पहिली झडती माझीच. काका मूळचे नगरचे, केंद्र सरकारात सेक्शन ऑफिसर होते. काकूंना जाऊन बरीच वर्षं झाली. फाइलवर शेरा मारावा तसं ते प्रत्येक वस्तूवर बोलतात, "पुरावा नाही, पण डाउट पक्का." बोअरवेलचं खारं पाणी, डाउट पक्का. माझा हेअर डाय, डाउट पक्का. एकदा तर फिनाइल.

"फिनाइलनं केस कसे जातील, काका?"

"फरशी वाकून पुसतेस ना? वास वर कुठे जातो मग?"

समोरच्या भाटियाआंटींनी शेवटी विचारलंच, "भाईसाहब, आप कौन सा शैम्पू लगाते थे?"

"मैं तो साबुन लगाता था. वो भी कपड़े वाला." ही गोष्ट काकांनी पुढे आठवडाभर पुरावा म्हणून वापरली.

मग एक दिवस ते मला घेऊन त्वचेच्या डॉक्टरकडे गेले. डॉक्टरनं काकांचं डोकं पाहिलं आणि विचारलं, "पेशंट कौन है?"

"पेशंट आया नहीं है," काका म्हणाले.

डॉक्टर भला माणूस. म्हणाला, केमिकलचा थोडाफार हात असू शकतो, खात्रीनं सांगता येत नाही. बहुतेकदा हे घराण्यातूनच येतं.

परतताना ई-रिक्षात मी चेष्टेनं म्हटलं, "झालं समाधान? आता माझ्या डायला सोडा, यार."

काका हसले नाहीत. आशिष त्यांचा एकुलता एक मुलगा. मानेसरला गाड्यांचे पार्ट रंगवायच्या कारखान्यात आहे. शिफ्टमुळे त्याला घरी यायला जमत नाही, असं आम्ही समजत होतो.

"केस विरळ झाले म्हणून त्याचं जमत आलेलं लग्न मोडलं. त्या दिवशी जेवताना म्हणाला, बाबा, तुमच्याकडून मला एवढंच मिळालं. ताटावरून उठून गेला तो गेलाच. नाताळलाही आला नाही."

मानेसर आमच्यापासून तासाभरावर. मनात आणलं तर माणूस रात्री जेवून परत जाईल.

"लहानपणी त्याचे केस इतके दाट होते, शाळेची बस यायची तरी ओलेच. टॉवेलनं पुसत मी जिन्यावरून त्याच्या मागेमागे उतरायचो." काका माझ्याकडे वळले. "त्या कारखान्यात दिवसभर थिनरचा वास असतो, मेधा. थोडं तरी केमिकल असेल ना?"

"असेल, काका. डॉक्टर नाही कुठे म्हणाले?"

"मग तूच त्याला सांग. माझा फोन तो उचलत नाही."

मी मोबाइल काढला. नंबर काकांना पाठ होता. रिंग वाजायला लागली तसे ते माझ्याकडे झुकले आणि हळूच म्हणाले, "आणि हेही सांग, मी त्याच्या डोक्याकडे बघणारसुद्धा नाही."