आप्पाबुवांची विहीर आणि आरोहीचा प्रयोग

संगीतामुळे माणसाच्या लक्षात राहतं की नाही, हे ठरवायला कॉलेज कशाला हवं? मला विचारा. शाळेतले पाढे मी केव्हाच विसरले, पण लहानपणी कीर्तनात ऐकलेली आख्यानं आजही पूर्वरंगापासून आरतीपर्यंत म्हणून दाखवीन. त्यामुळे माझी भाची आरोही दापोलीच्या कॉलेजातून तोंड पाडून आली, तेव्हा तिच्या हातात कोकम सरबत देऊन मी सांगितलं, "बाय, तुझं काम झालं म्हणून समज."

तिचा विषय मानसशास्त्र. प्रयोग असा: काही माणसांना सुटे शब्द नुसते वाचून दाखवायचे, काहींना तेच शब्द संगीताबरोबर ऐकवायचे, आणि मग ज्याला जे आठवेल ते त्याने कागदावर लिहायचं. पहिल्या खेपेला तिने वर्गातल्या मैत्रिणींना बसवलं. त्यांनी शब्द आधीच व्हॉट्सॲपवर वाटून घेतले. मॅडमनी सगळं परत केलं. आता सोमवारी नवा प्रयोग दिला नाही, तर पोरीचं वर्ष बुडणार.

"माणसं मी देते," मी म्हटलं. "कीर्तनाचीच. मांडी घालून बसायची सवय असलेली."

"चालतील. संगीत माझ्या मोबाइलवर आहे. नुसता तंबोरा."

"देवळात मोबाइल? आणि आपले आप्पाबुवा काय गाव सोडून गेलेत?"

"बुवा नकोत गो आत्ये. ते बोलतात."

"एक अक्षर जास्त बोलणार नाहीत. मी सांगते त्यांना."

हे मी कुठल्या जोरावर बोलले, देव जाणे.

रविवारी दुपारी जेवणं उरकून माणसं देवळात जमली. बिनसंगीताचा गट पडवीत, संगीताचा सभामंडपात. मी अर्थातच संगीतात. आरोहीने आधी पडवीत नियम वाचला, "तुम्ही कधीही उठून जाऊ शकता."

चंपाकाकूंचा चेहरा पडला. "म्हणजे? बोलावून आणलंस नि आता घालवतेस?"

"तसं नाही हो काकू. सांगावं लागतं."

"आरतीच्या आधी देवळातून उठायचं? कसलं गो तुमचं कॉलेज?"

कशीबशी समजूत काढून तिने शब्द वाचले. विहीर. कात्री. बैल. आरसा. कंदील. शिडी.

चंपाकाकूंनी विचारलं, "कात्री विहिरीत पडली काय?"

"काही पडलं नाही. नुसते शब्द आहेत."

"मग शिडी कशाला?" मागून कुणीतरी म्हणालं. "बैल पडला असणार."

"बैल शिडीने वर येतो होय रे?"

आरोहीला याहून जास्त बोलायची बंदी होती. बैल कुणाचा, कंदील धरला कुणी, आणि असल्या वेळी आरसा घेऊन कोण गेलं होतं, यावर पडवीत दोन तट पडले. कागद वाटले तरी भांडण मिटेना.

इकडे मंडपात पेटीवाल्या काशीरामने भाता सोडला. आप्पाबुवा आरोहीने दिलेला शब्दांचा कागद घेऊन उभे राहिले. मला दिलेला शब्द त्यांनी पाळला, पहिल्या शब्दापुरता. 'विहीर' त्यांनी असा काही लावला की माझ्या अंगावर काटा आला. मग पाणावलेल्या डोळ्यांनी ते आमच्याकडे बघत म्हणाले, "मायबाप, ही विहीर कोणती?"

संपलं. आरोही पडवीतून हातवारे करत होती, पण बुवांचे डोळे मिटलेले. विहीर म्हणजे संसार. कात्री म्हणजे वासना, आयुष्याचं वस्त्र कातरणारी. बैल म्हणजे मन. आरसा म्हणजे विवेक, कंदील म्हणजे गुरुकृपा, आणि शिडी म्हणजे नामस्मरण. बैल शिडीने वर आला तेव्हा अख्ख्या मंडपाने टाळ्यांचा ठेका धरला. मी तर रडत होते. इतकं रसाळ निरूपण गावात कित्येक वर्षांत झालं नव्हतं.

मग कागद आले. आम्ही भराभर लिहिलं. दुसऱ्याच्या कागदात डोकावायची वेळ एकावरही आली नाही.

संध्याकाळी आरोही ओटीवर कागद पसरून बसली. पडवीवाल्यांना सगळे शब्द आठवले होते. मंडपातल्यांनी सगळ्यांनी एकच लिहिलं होतं: संसार, वासना, मन, विवेक, गुरुकृपा, नामस्मरण.

"विहीर कुणीच लिहिली नाही," ती रडवेली होऊन म्हणाली. "एकानेही नाही. आत्ये, तू तरी?"

"अगो, सार लक्षात ठेवायचं असतं. विहिरीचं काय घेऊन बसलीस?"

"मला विहिरीचेच मार्क आहेत."

आता दुसरा प्रयोग करायला वेळ नव्हता. तिने आहे ते सगळं खरंखरं लिहून काढलं आणि सकाळची पहिली एसटी पकडली. मी देवापाशी दिवा लावून बसले. बुवांना आणणारी मीच, तेव्हा दोन्ही गटांत मिळून नापास व्हायला हवी ती मी एकटीच, एवढं मलाही कळत होतं.

दुपारी फोन आला. आवाजात हसू.

"मॅडमनी घेतलं आत्ये. वर्ष वाचलं."

"बघ. म्हटलं नव्हतं मी? संगीताची ताकद!"

"संगीत काढून टाकायला सांगितलं. विषयच बदललाय. आता शीर्षक आहे, 'संशोधकाच्या नातेवाइकांचा प्रयोगावर होणारा परिणाम'. पुढच्या महिन्यात मला तिकडे परत यायचंय. एका गटात तू बसायचंस आणि दुसऱ्या गटाच्या वेळी गावाबाहेर जायचंस."

मी आनंदाने हो म्हटलं. कुठल्या गटाचा निकाल चांगला येईल असं मॅडमना वाटतं, तेवढं मात्र मी विचारलं नाही.