नासिरभाईंचा ईदचा कुर्ता

नासिरभाई ईदचा कुर्ता घालून साध्या बुधवारी कामावर आले, तेव्हा जैबुनबी आपांच्या कारखान्यात कुणाला नवल वाटलं नाही. कारण सगळ्यांना ठाऊक होतं. दुपारी दोन वाजता क्रिकेट क्लबचा रामधन आपले टी-शर्ट छापताना मोबाइलवर व्हिडिओ काढायला येणार होता, आणि मशीनवर उभी असणार होती जया.

पुसदला कापडावरची छपाई म्हटली की बावीस वर्षं नासिरभाईंचंच नाव निघे. लाकडी चौकटीत ताणलेली जाळी, हातात रबरी पट्टी, एकच ओढ, आणि चित्र उमटलेलं. मग आपांनी आठ हातांचं, प्रत्येक हाताच्या टोकाला टी-शर्ट चढवायचा पाट असलेलं, आपोआप फिरणारं मशीन आणलं. ते शिकायला तिरुपूरला कोण जाणार, असं विचारल्यावर नासिरभाई म्हणाले, "या वयात मले कोण शिकवते?" त्यांना वाटलं होतं आपा आग्रह करतील. आपांनी तो नकार समजला, आणि तांड्यावरची जया गेली.

पंधरा दिवसांनी ती परतली ती नियम घेऊनच. ओढणी खुंटीवर, बांगड्या डब्यात, केस टोपीत. मशीनभोवती लोखंडी जाळीचं कुंपण. त्याच्या दारावर चुंबक बसवलेलं होतं. दार उघडलं की मशीन जागच्या जागी थांबे. जागा सोडताना जया चावी काढून खिशात टाकी. नासिरभाईंना ती चावी सगळ्यात जास्त खुपायची.

"एक टी-शर्ट वाकडा बसला तं पुरं मशीन थांबवते," त्यांनी आपांकडे तक्रार केली. "तेवढ्यात मी हातानं तीन काढले असते."

"तिचे दहाही बोटं जागेवर आहेत ना?" आपा म्हणाल्या. "मंग झालं."

त्या बुधवारी पावणेदोन वाजता जया मागच्या ओसरीत डबा खायला गेली. आपा नमाजला बसल्या. नासिरभाईंनी आपांच्या टेबलाच्या खणातून दुसरी चावी काढली. रामधन येईल तेव्हा मशीन चालू असावं आणि शेजारी आपण असावं, एवढीच त्यांची इच्छा होती. दार उघडं ठेवून काम पटापट व्हावं म्हणून त्यांनी जुन्या स्पीकरचं चुंबक दाराच्या चौकटीला चिकटवलं. मशीनला वाटलं, दार बंद आहे.

"थांबाचं कायले?" ते स्वतःशी म्हणाले आणि चावी फिरवून आत शिरले.

सहा टी-शर्ट झकास निघाले. सातवा वाकडा बसला. तो सरळ करायला नासिरभाई वाकले, आणि शेजारच्या पाटावर त्यांच्या कुर्त्याचा घेर टेकला. टी-शर्ट हलू नये म्हणून पाटांना गोंद लावलेला असतो. गोंदाला टी-शर्ट काय अन् ईदचा कुर्ता काय. मशीनचे हात एक घर पुढे सरकले, वरून जाळीची चौकट खाली आली, पट्टी फिरली, आणि कुर्त्यावर पिवळा रंग बसला. पुढच्या वेळी मशीनबरोबर नासिरभाईही सरकले.

कुर्ता फाडला असता तर सुटले असते. पण तो त्यांच्या बायकोनं, गझालानं, रमजानचा महिनाभर बसून शिवला होता. त्या क्षणी मशीनपेक्षा गझालाचीच भीती मोठी वाटली. म्हणून ते चालत राहिले. चार पावलं, थांबा, मान खाली. पिवळ्यानंतर लाल, लालनंतर काळा. बंद करायचं लाल बटन कुंपणाबाहेर खांबावर होतं. दर फेरीला ते समोर यायचं आणि दर फेरीला दोन हात लांब राहायचं.

दुसऱ्या फेरीला रामधन आला. त्यानं लगेच मोबाइल वर धरला.

"वा, नासिरभाई. हे नवीन पद्धत आहे काय?"

"बटन दाब."

"दाबलं ना. व्हिडिओ चालू आहे."

तेवढ्यात बाहीही पाटाला चिकटली. आता हात सुटेना, आणि चौकट त्या हातावर खाली येऊ लागली. नासिरभाईंना कुर्ता दिसेनासा झाला. दिसला तो फक्त उजवा हात, बावीस वर्षं ओढ मारलेला. त्यांनी डोळे मिटले.

मशीन थांबलं. चौकट बोटांच्या वर वीतभर अंतरावर उभी होती. लाल बटनावर जयाचा पंजा होता, पंजाला वरण लागलेलं.

"काढ आता मले," नासिरभाई म्हणाले.

जयानं आधी चावी काढून खिशात टाकली. मग चुंबक उचललं. मग आत आली.

"आधी चावी, मंग हात," ती म्हणाली.

"मालूम आहे मले."

"मालूम होतं?"

तिनं बाही ओढली नाही, एकही शिवण उसवू न देता ती गोंदातून हळूहळू सोडवली. ते पाहून कितीतरी दिवसांत पहिल्यांदाच त्यांना तिचा राग आला नाही.

आपा आल्या. त्यांनी चुंबक पाहिलं, कुर्त्यावर छापलेला क्लबच्या चिन्हातला अर्धा वाघ पाहिला.

"आता इथं कोणीबी नवीन माणूस आला, की काय झालं ते तू सांगाचं," त्या म्हणाल्या. "पुरं सांगाचं. एक शब्द गाळाचा नाही."

ही शिक्षा होती. पहिल्यांदा नासिरभाईंनी मान खाली घालून सांगितलं. दुसऱ्यांदा कुठं थांबायचं ते त्यांच्या लक्षात आलं. तिसऱ्यांदा चौकट खाली येते त्या जागी त्यांनी उजवा हात असा पुढे धरला, की ऐकणाऱ्यांनी आपले हात न सांगता पाठीमागे नेले. रामधनचा व्हिडिओ तोवर गावोगाव फिरला होता. बाभुळगावहून शिकाऊ पोरापोरींची गाडी आली, मग झरी जामणीहून. त्यांना जयानं तेच नियम ओळीनं सांगितले तेव्हा ते जांभया देत होते. आपांनी नासिरभाईंसाठी एक खुर्ची मागवली. पाहुण्यांचा चहा आधी त्यांच्याकडे जाऊ लागला.

एक दिवस गाडी गेल्यावर जया मशीन पुसत होती. बराच वेळ ती एकाच पाटावरून फडकं फिरवत राहिली.

"तिरुपूरले जाऊन शिकून मी आली, चाचा," ती म्हणाली, "अन् खुर्ची तुमाले. पुढच्या खेपेले मीच अडकते मशीनमंदी."

"मी असल्यावर ते होऊ देणार नाही," नासिरभाई ठामपणे म्हणाले, आणि खुर्ची जरा आपल्याकडे ओढून घेतली.