नरसय्या अण्णांची धुक्याची पेटी

आमच्या विद्यापीठातले नरसय्या अण्णा उपकरणांशी बोलतात. जुन्या सूक्ष्मदर्शकाशी मराठीत, कुरकुरणाऱ्या पंपाशी दखनीत, आणि जिची सुई जरा कशानेही थरथरते त्या नाजूक विद्युतमापीशी घरच्या तेलुगूत. संगणकाशी मात्र ते एक अक्षरही बोलत नाहीत. "त्याला समदं ठाऊक असतंय बाई. त्याच्याशी काय बोलायचं?"

पदार्थविज्ञानाच्या प्रयोगशाळेत त्यांची हयात गेली. आता निवृत्ती महिन्यावर आली आहे. मी मराठी शिकवते. माझा आणि कणभौतिकीचा संबंध वर्षातून एकच दिवस येतो. बार्शी-माढ्याकडची शाळकरी मुले त्या दिवशी इथे येऊन स्वतःच्या हातांनी प्रयोग करतात, आणि त्यांना सोप्या मराठीत समजावून सांगायला मला बोलावले जाते. त्या दिवशी अण्णांची एक काचपेटी मांडलेली असते. झाकणाला आतून अल्कोहोलात भिजवलेले कापड, तळाखाली धुमसणारा कोरडा बर्फ आणि मधल्या काळोखात हळूहळू उतरणारे गार धुके. आकाशातून आलेला एखादा कण त्यातून गेला, की पांढरी रेघ उमटते आणि पाहता पाहता विरते.

यंदा त्या दिवशी सकाळीच विभागप्रमुख सरांनी बजावले, "अण्णा, पेटीचं हे शेवटचं वर्ष. पुढच्या वेळेपासून सगळं संगणकावर."

"पडद्यावर कणाचा फोटो असतो सर. हितं तो सोता येतो की. आज पोरांनी बघितला, की मी मोकळा."

आणि नेमके त्याच सकाळी कळले, की झाकणाचे जाड कापड कसरीने खाल्ले आहे. अण्णांनी सायकल काढली, घर गाठले आणि सोलापुरी चादरीचा तुकडा घेऊन परतले.

"अण्णा, चांगली चादर कापलीत?"

"डबल हाय बाई. एकट्याला अर्धी पुरते."

कात्रीला धार बरी आहे, हे सांगावे तितक्या सहजपणे ते बोलून गेले. त्यांच्या पत्नी, लक्ष्मीअक्का, जाऊन दोन वर्षे झाली आहेत.

मुले येऊन पेटीभोवती बसली. तास उलटला. खोलीभर अल्कोहोलचा दवाखान्यासारखा वास साचला. धुके होते, रेघ नव्हती. एवढ्यात काचेला नाक लावून बसलेली एक मुलगी किंचाळली, "दिसला! दिसला!"

त्या दिवसासाठी बोलावलेले पाहुणे प्राध्यापक पुढे सरसावले. "पाहा मुलांनो, जाड आणि आखूड रेघ. हा अल्फा कण." मुलांनी रेघ वह्यांत उतरवून घेतली. रेघ विरेना. अण्णांनी वाकून पाहिले. तीन पिढ्या हातमागावर गेलेल्या घरातला माणूस, त्यांना राहवेना.

"सर, हा कण न्हाय. हे सूत हाय. चादरीचं. वीस नंबरी."

खोली हसण्याने दणाणली. पाहुण्यांनी चष्मा पुसायला घेतला. "झालं समाधान?" विभागप्रमुख म्हणाले आणि मुलांना संगणक कक्षात घेऊन गेले.

"गप्प राहिला असतात तर खपलं असतं ना, अण्णा," मी म्हणाले.

"खपलं असतं की. पण पोरं सूत बघून माढ्याला गेली असती."

त्यांनी चिमट्याने सूत उचलले, उरलेला बर्फ तळाखाली सारला, दिवे मालवले आणि विजेरी घेऊन पेटीच्या कुशीला उकिडवे बसले. प्रकाश आडवा लागतो. त्यामुळे विजेरी धरणाऱ्याला त्या कोनातून काहीच दिसत नाही. आम्ही थांबलो. किती वेळ, कोण जाणे. मग धुक्यात केसाएवढी एक रेघ उमटली, जणू कुणी काळोखावर नखाने अलगद ओढली असावी. विरली. मग दुसरी.

"बाई, दिसतंय?"

"दिसतंय अण्णा! या, तुम्ही पाहा. मी विजेरी धरते."

"पोरांना बोलवा. बर्फ धा मिनिटं टिकंल."

"आधी तुम्ही..."

"बोलवा म्हणलं की!"

इतक्या वर्षांत त्यांनी माझ्यावर पहिल्यांदाच आवाज चढवला. मी धावले.

मुले लोंढ्यासारखी आली. "आला!" "त्यो बघ, वाकडा गेला!" "ए, सरक की!" त्या रेटारेटीत अण्णा भिंतीशी दाबले गेले, विजेरीचा हात तेवढा ताठ पुढे आणि चेहरा भिंतीकडे. विभागप्रमुखही बराच वेळ वाकून पाहत राहिले. पुढच्या वर्षाबद्दल ते काही बोलले नाहीत. बर्फ संपला तसे धुके विरले, आणि पेटीच्या तळाशी नुसता ओलावा उरला.

चारला मुलांच्या गाड्या सुटल्या. अण्णा दुखरा खांदा चोळत पेटी पुसत होते.

"अण्णा, एवढं करून तुम्ही पाहिलाच नाहीत."

"ऐकला की," ते म्हणाले. मग फडके खांद्यावर टाकत, "आज घरी जाऊन सांगायला लई हाय."

कुणाला, हा प्रश्न माझ्या ओठांपर्यंत आला. घरी तर आता अक्का नव्हत्या.

"तुमची बस कधीची, बाई?"

माझी बस पाचची. "सातची," मी म्हणाले.

त्यांनी दुसरे स्टूल ओढले, खांद्यावरच्या फडक्याने दोनदा पुसले आणि मला बसायची खूण केली. मग मी दिवसभर तिथे नव्हतेच, अशा थाटात त्यांनी अगदी सकाळपासून सांगायला सुरुवात केली.