सतरावे पान न वाचल्याबद्दल

पाथर्डी फाट्यावरील शौर्यदीप सहकारी गृहनिर्माण संस्थेची विशेष सर्वसाधारण सभा रविवारी सकाळी पार्किंगमध्ये भरली. बंद लिफ्टच्या विषयावर बोलावलेल्या मागच्या तीन सभा गणपूर्तीअभावी तहकूब झाल्या होत्या. या वेळी विषय युद्धाचा असल्याने चौसष्टपैकी एकसष्ट सभासद आले आणि खुर्च्या कमी पडल्या.

ठराव क्रमांक एक असा : सीमेवर चालू असलेल्या युद्धाला संस्थेचा बिनशर्त पाठिंबा आहे. शत्रू पुरता नमेपर्यंत ते चालू ठेवावे. माघारीस संस्थेची संमती राहणार नाही. सूचक, अध्यक्ष दीपक बोरस्ते. अनुमोदक, सर्व. बोरस्ते यांचा सातपूरला लोखंडी रॅक बनवण्याचा कारखाना आहे. युद्ध ते रोज जेवताना मोबाइलवर पाहतात. चित्रण ड्रोनने फार उंचावरून केलेले असते, त्यात माणसे ठिपक्याएवढीच दिसतात, त्यामुळे जेवण नीट जाते.

ठराव क्रमांक दोन नाजूक होता. त्या दिवशी सकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी संस्थेच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर कोणीतरी त्रेचाळीस पानांचा एक फुटलेला लष्करी अहवाल टाकला होता. हा अहवाल साफ खोटा असून तो फोडणाऱ्याने अत्यंत गोपनीय माहिती उघड केली आहे, असे सरकारी प्रवक्त्यांनी एकाच वाक्यात सांगितले होते. ते वाक्य सर्वांना पटले होते.

"असला कागद वाचणं म्हणजे शत्रूला मदत," बोरस्ते म्हणाले. "आपल्या सोसायटीत एकानेही तो वाचलेला नाही, हे मी छातीठोकपणे सांगतो. विशेषतः सतरावं पान."

"सतरावंच का हो?" मागून यादव निकम यांनी विचारले. निकम पोस्टातून निवृत्त झालेले. देवळालीच्या छावणीतल्या जवानांची पत्रे त्यांनी एकतीस वर्षे तुकडीचा नंबर पाहून खणांत लावली. कागदावर काय लिहिले आहे हे पाहूनच पुढे जायची त्यांना खोड आहे.

"कारण सगळ्यात खोटं तेच आहे."

"तुम्ही तर वाचलं नाही म्हणता."

"नाही वाचलं, म्हणूनच ठामपणे सांगतोय ना निकमकाका! वाचलं असतं तर विश्वास नसता का बसला?"

टाळ्या पडल्या. निकम खाली बसले.

सचिव तृप्ती गायधनी बँकेत आहेत आणि नुसत्या तोंडी गोष्टींवर त्यांचा भरवसा नाही. प्रत्येकाने लेखी प्रतिज्ञापत्र द्यावे, असे त्यांनी सुचवले : 'सदर अहवाल मी वाचलेला नाही व तो वाचण्याची माझी इच्छा नाही.' मग प्रश्न आला की 'सदर' म्हणजे कोणता? उद्या कोणी म्हणेल, मी न वाचलेला अहवाल वेगळाच होता. तेव्हा प्रत्येक प्रतिज्ञापत्राला अहवालाची एक प्रत जोडावी, म्हणजे आपण नेमके काय वाचलेले नाही हे सभासदाला कळेल, असे ठरले. कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याकडून प्रती आल्या. मजकूर पाहिला नसल्याचे त्याच्याकडूनही लिहून घेतले. त्या दिवशी तेवढे एकच प्रतिज्ञापत्र खरे होते, कारण यंत्रात कागद पालथा घालावा लागतो.

नंतर पाने बदलली जाऊ नयेत म्हणून प्रत्येक पानाखाली सही घेण्यात आली. बेचाळीस पानांवर सही करायला एकेका सभासदाला चार मिनिटे लागली. सतराव्या पानाला एकट्याला तीन लागली. तिथे पेन अडत होते, असे पुष्कळांनी सांगितले.

अहवाल फोडणाऱ्याला फाशी द्यावी, या ठराव क्रमांक तीनवर आवाजी मतदान चालू असतानाच लंकाबाई भोये पुढे आल्या. लंकाबाई मूळच्या पेठ तालुक्याच्या बाजूच्या. नऊ वर्षे संस्थेचे जिने झाडतात. मुलगा गेणू चार वर्षांपासून लष्करात आहे आणि सध्या त्याच सीमेवर आहे. जिना झाडणाऱ्या बाईसमोर लोक बोलणे थांबवत नाहीत. त्यामुळे रसद पोचण्याआधीच ज्या तुकड्या पुढे ढकलल्या आणि ज्यांना आता परत आणता येत नाही, त्यांचे नंबर सतराव्या पानावर आहेत, हे त्यांना सकाळी आठच्या आतच, तिसऱ्या मजल्यापर्यंत झाडून होईतो कळले होते.

"बोरस्तेदादा, माझा गेणू हाय तिकडं. अकरा दिस झाले, फोन नाय." त्यांनी पदराच्या गाठीतून चिठ्ठी काढली. "हा त्याच्या तुकडीचा नंबर. त्यानंच लिहून दिलाय. मला अक्षर नाय येत, पन आकडे येत्यात. यष्टीचे नंबर बघूनच गावाला जाते. त्या पानावर ह्यो हाय का नाय, तेवढं बघू द्या."

मांडीवरच्या प्रती पटापट पालथ्या झाल्या.

"मावशी," बोरस्ते खाकरले, "गेणूचा आम्हाला सगळ्यांना फार अभिमान आहे. तृप्तीताई, शाल आणा बरं."

सव्वीस जानेवारीची एक शाल ऑफिसात शिल्लक होती. वीरमातेचा सत्कार, ठराव क्रमांक चार. फोटो निघाले.

"शाल ऱ्हाऊ द्या दादा. पान दावा."

"ते गोपनीय आहे, मावशी."

"साऱ्यांनी सह्या केल्या की त्याच्यावर!"

"न वाचता केल्या!"

"मग मी बी न वाचताच बघते. आकडा तर बघायचाय."

तृप्तीताईंनी समजुतीच्या स्वरात मार्ग काढला. "पान बघायचं तर आधी प्रतिज्ञापत्रावर अंगठा द्यावा लागेल, मावशी. की वाचायची इच्छा नाही म्हणून."

"पन मला इच्छा हाय, ताई."

संस्थेच्या आवारात हे वाक्य उघडपणे बोलणारी ती पहिलीच व्यक्ती. सभा हादरली. सर्व प्रती बंद लिफ्टमध्ये ठेवून बाहेरून कुलूप लावावे, असे तातडीने ठरले. लिफ्ट वापरात आल्याने तोही विषय निकाली निघाला. अंगठा देईपर्यंत लंकाबाईंनी कामावर येऊ नये, हा ठराव क्रमांक पाच. वीरमातेवर कामाचा बोजा नको, असे त्यात कारण लिहिले आहे.

राष्ट्रगीत होऊन सभा संपली. रविवार असल्याने सभासद सहकुटुंब मिसळ खायला निघाले. लंकाबाई फाटकात उभ्या होत्या. अंगावर शाल, हातात चिठ्ठी. येईल त्याच्यापुढे चिठ्ठी धरून त्या विचारत होत्या, "ह्यो नंबर हाय का हो त्यात?"

पहिल्याने नंबर पाहिला आणि म्हणाला, "मी वाचलं नाही, मावशी." दुसरीनेही तेच सांगितले आणि त्यांच्या दंडावर क्षणभर हात ठेवला. तिसरा मागे वळून खुर्ची घेऊन आला. चौथ्या मजल्यावरच्या ज्या बाई त्यांना पाणी वेगळ्या पेल्यातून द्यायच्या, त्यांनी पर्समधली सीलबंद बाटली काढून दिली. "उन्हात उभ्या राहू नका," कोणी म्हणाले. बोरस्त्यांनी गाडीची काच खाली केली, चिठ्ठीकडे पाहिले, काच अर्धी वर नेली, पुन्हा खाली घेतली. "मी वाचलं नाही, आई," ते म्हणाले.

सर्वांत शेवटी निकम आले. एकतीस वर्षांत त्यांनी असा नंबर कधी चुकीच्या खणात टाकला नव्हता.

"पोष्टातले ना तुम्ही भाऊ? तुम्ही सांगा."

निकमांनी चिठ्ठी हातात घेतली, पुष्कळ वेळ धरली आणि परत दिली. "चष्मा घरी राहिला, बाई."

लंकाबाईंनी त्यांच्या नाकावरच्या चष्म्याकडे पाहिले. मग खुर्चीकडे. मग बाटलीकडे. नऊ वर्षांत इथे कोणी त्यांना बस म्हटले नव्हते. त्यांनी चिठ्ठी पुन्हा पदराला बांधली आणि खुर्ची सोडून फाटकाजवळ खाली जमिनीवर बसल्या. पुढे कोणालाही त्यांनी काही विचारले नाही.

चिठ्ठीवरचा नंबर इथे मुद्दामच छापलेला नाही. त्यात वाचकांचीच सोय पाहिली आहे. उद्या त्यांच्या जिन्यात कोणी झाडू बाजूला ठेवून विचारलेच, तर आम्ही वाचलेले नाही, हे त्यांना तरी खरे सांगता येईल.