जिजाकाकीच्या घरून पुढे

पुतळाबाईच्या मांडीचं हाड मोडलं ते नेमकं सप्ताहाच्या तोंडावर. लग्न होऊन उमेळ्यात आल्यापासून तिनं देवळातलं कीर्तन कधी चुकवलं नव्हतं. आता ती खाट दाराशी ओढायला लावून देवळाच्या दिशेला कान देऊन पडायची. ऐकू यायचे ते खाडीवरचे बेडूक. कीर्तन नुसतं ऐकायचं नसतं, त्यात जाऊन बसायचं असतं. ते बसणंच गेलं, तशी तिची अन्नावरची वासनाही गेली. "हाड जुळेल," डॉक्टर म्हणाले, "पण बाईंनी मनच सोडलंय."

तिचा मुलगा धर्मा रेडिओ दुरुस्त करणाऱ्या फेबियनकडे गेला. "देवळापासून घरापर्यंत तार टाकून दे बाबा. आयेच्या कानावर कीर्तन पडलं पायजे."

"नवी तार कशाला? गावात विजेची तार आली हाय ना? आवाज तिच्यावरच बसवून धाडतो."

"कीर्तनाला शॉक नाय ना लागनार?"

"वीजच सुधारेल," फेबियन गंभीरपणे म्हणाला.

पण पहिल्या दिवशी पुतळाबाईच्या रेडिओतून नुसती भुंग्यासारखी गुणगुण आली. आवाज वाटेतच दमत होता. फेबियननं डोकं खाजवलं. "देवळात आवाज धाडायचा सेट हाय, तसा मधे आनखी एक ठेवू. तो दमलेला आवाज ऐकेल आनि ताज्या दमानं पुढं सांगेल. देवळाच्या नि तुज्या घराच्या मधे वीज कोनाकडे हाय?"

धर्मा पायांकडे बघत म्हणाला, "जिजाकाकीकडे."

जिजा म्हणजे पुतळाबाईची धाकटी जाऊ. देवळातल्या खांबाला टेकून बसायची जागा पुतळाबाईची. एकदा तिला यायला उशीर झाला आणि जिजा तिथं बसली. एवढंच झालं होतं. पण तेव्हापासून दोघी देवळात जायच्या त्या दोन वाटांनी, आणि देवासमोरसुद्धा एकमेकींकडे पाठ करून हात जोडायच्या.

धर्मा भीत भीत गेला. जिजानं सगळं ऐकून घेतलं. "माज्या घरातून जाऊन तिच्या कानात जानार? जाऊ दे. देवाचं काम हाय. पन तिला सांगू नको."

सेटमधला आवाजाला जोर देणारा दिवा म्हणजे वॉल्व; फेबियनकडे जोरदार वॉल्व एकच होता. देवळापासून जिजाचं घर जवळ, तिथून पुतळाबाईचं लांब. म्हणून साधा वॉल्व त्यानं देवळातल्या सेटला दिला आणि जोरदार जिजाकडच्या. तिच्या घरात एक रेडिओ, त्याच्या तोंडापुढे मायक्रोफोन आणि मागे तो सेट, अशी मांडामांड चुलीशेजारच्या फळीवर झाली. मांजरीनं काही पाडू नये म्हणून जिजानं घरीच थांबायचं ठरलं.

"काकी, बोलायचं नाय हां," फेबियननं बजावलं.

"कीर्तनात बोलतं का कोन?" जिजा दुखावून म्हणाली. त्यानं सांगितलं ते यंत्रासाठी. तिला वाटलं, आपल्याला रीत शिकवतोय.

तिन्हीसांजेला पुतळाबाईच्या खाटेभोवती शेजारपाजार जमला. रेडिओला हळदकुंकू लागलं. बुवांचा आवाज लांबून, पण स्वच्छ आला. पुतळाबाईनं हात जोडले.

"सांगा मंडळी," बुवा म्हणाले, "या संसारात उणं काय आहे?"

"मीठ!" रेडिओतून दणका आला.

शेजारचा काळूराम म्हातारा डोलला. "वा! काय उत्तर दिलं!"

"आणि हा जीव अडकलाय कशात?"

"मेले, वाटीत तोंड घातलंस? शुक्!"

शेजारचीच कमळी तोंडात पदर कोंबून हसायला लागली. पुतळाबाई मात्र हसली नाही. तो आवाज तिनं ओळखला होता. धर्मानं रेडिओकडे हात नेला. "ऱ्हाऊ दे," ती म्हणाली.

बुवांनी दृष्टांत लावला. थोरला भाऊ यात्रेला गेला. परतायचं नाव नाही. पण धाकट्यानं रोज त्याचा पाट मांडला, त्यावर कुणाला बसू दिलं नाही. बुवांचा स्वर भरून आला. "आणि आपण? जरा जागा रिकामी दिसली, की बसलो!"

"बसले, मंग?" जिजाचा आवाज उसळला. बुवांच्या कीर्तनात हुंकार द्यायची तिची जुनी खोड. घरात एकटी आहोत म्हटल्यावर तिला कोण अडवणार? "ती आली नाय म्हनून बसले! उठ म्हनली असती तर उठले नसते का? तोंड फिरवून गेली ती!"

कमळीनं तोंडातला पदर काढला.

"आनि आता कोन बसतंय तिथं?" आवाज खाली आला, तरी वॉल्व जोरदार होता. "रोज माजं लुगडं घडी करून ठेवते त्या जागेवर. काल सावकारीन बसाया आली, तिला उठवली. म्हनलं, बाय यायची हाय. बुवा, पाट काय तुमच्या गोष्टीतच मांडतात का?"

पुढे मृदंग वाजला, गजर झाला. पुतळाबाईनं मान भिंतीकडे फिरवली. मग म्हणाली, "धर्मा, पेज हाय का रे?"

ती पेज पीत होती तेवढ्यात फेबियन धावत आला. ओशाळून लाल झाला होता. "मावशी, चूक झाली. मधला सेट जे ऐकतो ते सगळं पुढं धाडतो. उद्या खोक्यात झाकून ठेवतो. काकीचा आवाज बिलकूल येनार नाय."

पुतळाबाईनं वाडगा खाली ठेवला.

"झाकू बिकू नको. बुवांचा जोर हाय तेवढा पुरे. जिजाचा कमी करू नको." मग पदरानं तोंड पुसत म्हणाली, "पन तिला सांगू नको."