तोतारामरावांची विमानपेटीवरील मोहीम

शके १८७७ चे सुमारास खानदेशात जळगाव मुक्कामी जो संग्राम जाहला, त्याची हकीकत यथामती लिहिली असे. लिहिणार जमिनीवरचा मनुष्य, अस्मानाचा माहितगार नव्हे. अधिकउणे घडल्यास थोरांनी सांभाळून घ्यावे.

धुळे प्रांतीचे कापूसवाले राजश्री चुडामणराव, त्यांचे चिरंजीव तोतारामराव. यांचे मनी वैमानिक व्हावे ऐसे आले, आणि ते जळगावच्या विमानमंडळीत दाखल जाहले. तेथे जीवराम मास्तर हे सरलष्कर. त्यांजपाशी पत्र्याचे छपराखाली एक नकली विमान होते: लाकडी पेटी, आखूड पंख, खाली हवेचे भाते, वर टोपण. आत बसून टोपण लाविले की दुनिया बंद, तबकड्यांवरचे काटे तेवढे चमकत, मग पेटी जागीच घुमे, डुले, कलंडे, आणि बाहेर मेजावर चाकांची लेखणी आतल्या स्वाराची वाट नकाशावर उमटवी. ही पेटी जिंकल्यावाचून खऱ्या विमानास हात नाही, आणि विमानावाचून वैमानिकीचा दाखला नाही, ऐसा सक्त दंडक.

स्वार शूर, परंतु पाय फितूर. मास्तरांनी फर्मावावे जे धुळ्याचे वाटेवर डावीकडे, चाळीसगावचे रोखे मुरडावे. आणि तोतारामरावांनी उजवा पाय दाबावा, मग पेटीने गर्रकन उजवीकडे फिरावे आणि लेखणीने थेट सातपुड्यात शिरावे. छपराबाहेर पाऊल न टाकता राव सातपुड्यावर इतके वेळा आदळले की मंडळी त्यांस "सातपुड्याचे जावई" म्हणो लागली.

हे वर्तमान धुळ्यास पोहोचताच चुडामणरावांनी कूच केले. मुंबईचे परीक्षक साहेब यावयाचे त्याच दिवशी सकाळी ते दाखल जाहले आणि हुकूम केला जे, आज हार जाहल्यास चिरंजीवांनी घरी येऊन गाड्यावर बसावे, पुन्हा अस्मानाचे नाव घेऊ नये. तोतारामरावांचा चेहरा उतरला. टोपण उघडे ठेवून अखेरची तालीम सुरू जाहली, पेटी पुन्हा उलटी फिरली, आणि मुलाच्या पायांकडे टक लावून पाहणारे चुडामणराव एकाएकी पागोटे सावरून हसो लागले.

"मास्तर, हाई चूक पोऱ्यानी नही, मनी शे. उजव्या बैलले आंगठा टोचा का तो पुढे सरस, आन् गाडं डावीकडे वळस. मीच शिकाडं त्याले."

"मग नाना, आता इलाज काय?"

"तोत्या, बैल टोचू नको. पायमा कासरा शे समज. ज्या आंगे जानं, त्या आंगेना वढ."

तिसरे प्रहरी साहेब आले, टोपण पडले, मोहीम सुरू जाहली. साहेबांनी कानाला लावलेल्या यंत्रातून आत कोणास नावे घेऊन हाकल्याचा आवाज येऊ लागला, आणि त्यांच्या भुवया चढल्या.

"मास्तर, हे मोऱ्या आणि ढवळ्या कोण?"

"घरचेच आहेत, साहेब. तेच ओढतात."

लेखणी जळगावाहून निघाली, डावीकडे म्हणताच डावीकडे मुरडली, सातपुड्यास लांबूनच रामराम करोन डुलत डुलत धुळ्यावर उतरली. साहेबांनी पसंतीचा शेरा दिला. टोपण उघडताच चिरंजीव घामाने निथळत बाहेर आले, तो चुडामणराव समोर उभे.

"गाडं मी हाकस," ते म्हणाले. "तू तुनं इमान हाक."

पुढे खऱ्या विमानावरची उड्डाणे यथासांग पार पडोन दाखला हासिल जाहला, आणि एके दिवशी तोतारामरावांचे विमान धुळ्याचे शिवारावर घिरट्या घालू लागले. चुडामणराव तेव्हा खाली गाड्यावर होते. वर पाहता पाहता, विमान उजवीकडे वळावयास लागले तैसा यांचाही उजवा पाय मदतीस धावला, गाडे डावीकडे वळोन बांध ओलांडोन झुलाल पाटलाचे कपाशीत शिरले, तरी राव वरच पाहात होते.

माणसास व बैलांस इजा नाही. अस्मान फत्ते जाहले.