गुलाबी ठिपके

"अहो, ते इंजिनातले बोल्ट रंगवायचे राहिले होते ना, ते मी रंगवून टाकले हं त्या दिवशी," मास्तरीणबाई रविवारी सकाळी चहा गाळता गाळता म्हणाल्या. "तुमची लाल बाटली संपली होती, म्हणून माझी गुलाबी लावली. छान दिसत होते की नाही?"

मास्तरांनी उचललेला कप तसाच बशीत ठेवला. "छान," ते कसेबसे म्हणाले.

गाडी मास्तरीणबाईंच्या वडिलांची. ते गेल्यापासून ती मागच्या शेडमध्ये ताडपत्रीखाली पडून होती. मेहुण्यांना ती भंगारात द्यायची होती, आणि मास्तरांनी फार गयावया केल्यावर ते एका अटीवर थांबले होते. या रविवारी दुपारी गाडी आपल्या पायांनी फाटकाबाहेर आली तर राहील, नाहीतर ओढून नेणारी गाडी बोलावलेलीच होती. जन्मभर भूगोल शिकवलेल्या आणि कधी सायकलचं पंक्चरही न काढलेल्या मास्तरांनी बायकोसाठी बाह्या सरसावून अख्खं इंजिन खोललं आणि पुन्हा जोडलं, ते या अटीपायीच.

कोपऱ्यावरच्या मिस्त्रीने त्यांना एकच मंत्र दिला होता. टॉर्क पाना 'कट्' असा वाजेपर्यंत बोल्ट आवळायचा आणि लगेच त्याच्या डोक्यावर रंगाचा ठिपका द्यायचा. ठिपका आहे म्हणजे बोल्ट घट्ट आहे. इंजिनाच्या पोटातला एक जरी बोल्ट ढिला राहिला, तर आतला दांडा कवच फोडून बाहेर येतो आणि मग देवसुद्धा काही करू शकत नाही. मास्तरांनी ठिपक्यासाठी बायकोची नेलपॉलिश उचलली होती. काम अर्ध्यावर असताना त्यांची कंबर धरली आणि ते आडवे झाले. उठून पाहतात तर सगळ्या बोल्टांवर ठिपके. आपणच संपवलं असणार, अशी स्वतःची पाठ थोपटून त्यांनी बोल्ट झाकणारं खालचं तेलाचं चेंबर लावून टाकलं. लाल आणि गुलाबी यांतला फरक त्यांना साड्यांच्या दुकानातही कधी कळला नव्हता.

गुलाबी ठिपक्यांचे बोल्ट कुणी आवळलेच नसणार, हे खरं सांगून मोकळं होता आलं असतं. पण वडील गेल्यापासून मास्तरीणबाईंनी शेडमध्ये पाऊल टाकलं नव्हतं. त्या दिवशी पहिल्यांदा गेल्या, आणि गेल्या त्या ठिपके द्यायला. तिथेच तू घोळ घातलास, हे सांगायला मास्तरांची जीभ रेटेना. चेंबर काढायचं तर कालच ओतलेलं नवंकोरं तेल काढावं लागणार, आणि त्याला काहीतरी कारण हवं.

"तेल काढावं लागेल," ते म्हणाले. "त्यात पाल होती, असं वाटतंय."

ही थाप चांगली वठली, अशा समाधानात मास्तर गाडीखाली शिरले. तेलाची धार घमेल्यात पडू लागली तोच फाटक वाजलं. मास्तरीणबाईंनी तेलवाल्याला फोन केला होता. दुसऱ्या कुणाच्या गाडीत पाल जाऊ नये, एवढाच त्यांचा भाबडा हेतू.

"माझ्या सीलबंद डब्यात पाल?" तेलवाले उंबऱ्यातूनच म्हणाले. "दाखवा मला."

"अजून सापडली नाही," गाडीखालून आवाज आला.

तेलवाल्यांनी शर्टाच्या बाह्या वर केल्या, चहाची गाळणी मागून घेतली आणि घमेल्याशी ठाण मांडलं. दुकानाच्या अब्रूचा प्रश्न होता. ते वाटी वाटी तेल गाळू लागले. तेवढ्यात मेहुणे ठरल्यापेक्षा लवकर आले. अंधाऱ्या शेडमध्ये बहीण कंदील धरून उभी, एक अनोळखी गृहस्थ तेल गाळतोय आणि गाडीखालून दोन चपला बाहेर आल्यात, हे पाहून त्यांनी काही न विचारता ओढगाडीवाल्याला लगेच निघायला फोन केला.

गाडीखाली मास्तरांनी चेंबर उतरवलं आणि पाना पहिल्या बोल्टला लावला. कट्. जरासुद्धा हलला नाही. दुसरा लावला, तोही कट्. मेहुणे शेवटी वाकले आणि बॅटरी मारून विचारू लागले, की बोल्टांवर हे लाल नि गुलाबी ठिपके कसले. मास्तरांनी त्यांना फक्त रंग सांगायला लावले. गुलाबी, कट्. गुलाबी, कट्. गुलाबी ठिपक्यांचे सगळे बोल्ट मुंगीही शिरणार नाही इतके घट्ट.

"लाल," मेहुणे म्हणाले.

पाना गर्रकन फिरला. बोल्ट हाताने सुटेल इतका ढिला होता.

मास्तर सरपटत बाहेर आले. तोंड काळं, केसात तेल. त्यांनी बायकोकडे पाहिलं. "तू नुसते ठिपके नाही दिलेस?"

"नुसते कसे देणार?" मास्तरीणबाईंना प्रश्नच कळेना. "बाबांनी शिकवलंय ना, आवळल्याशिवाय ठिपका नाही. त्यांच्यासोबत मीच तर आवळायचे. दादाला ग्रीसचा वास सहन व्हायचा नाही."

मेहुण्यांनी घसा खाकरला.

"मग मला कधी सांगितलं नाहीस?"

"तुम्ही कधी विचारलं?" त्या म्हणाल्या. "आणि तुम्ही इतक्या हौसेने करत होतात. म्हटलं, करू देत."

मास्तरांना हसू आलं, आणि का कोण जाणे, डोळेही भरून आले. त्यांनी खरं ते सगळं सांगून टाकलं, पालीसकट. तेलवाल्यांनी गाळणी खाली ठेवली आणि गाळलेल्या तेलाकडे मोठ्या अभिमानाने पाहिलं. इतकं स्वच्छ तेल गावात कुणाच्या गाडीत नसेल, असं म्हणून ते स्वतःच ओतायला तयार झाले.

मास्तरीणबाईंनी पदर खोचला, पाना घेतला आणि गाडीखाली गेल्या. कट् असा आवाज आला. मग आतून एक हात बाहेर आला, आणि मास्तरांनी त्यावर गुलाबी बाटली ठेवली.

चेंबर लावून, तेल ओतून झालं. ओढगाडी फाटकाशी येऊन उभी राहिली तेव्हा इंजिन दोनदा खोकलं, तिसऱ्यांदा धरलं आणि एका लयीत चालू लागलं. मेहुणे बराच वेळ तो आवाज ऐकत राहिले. मग त्यांनी जाऊन ओढगाडीवाल्याला फाटकासमोरून बाजूला व्हायला सांगितलं, गाडी बाहेर काढायची आहे म्हणून.

मास्तर सवयीने स्टिअरिंगकडे निघाले. तिथे मास्तरीणबाई आधीच बसल्या होत्या, आरसा आपल्या उंचीला लावत. गाडीला वळसा घालून मास्तर पलीकडच्या दाराने आत बसले.